चार माणसं, दहा महिने, चाळीस हजार : इमॅजिकासाठी घरखर्चातून पैसे काढायचे कसे?

दांडियाबाजारची_सून (जानेवारी)

नमस्कार मंडळी. उत्तरायण झाली, वासी उत्तरायणही झाली, गच्चीवरचे मांज्याचे गुंते गोळा करून झाले आणि आता वही घेऊन बसले आहे. पतंग, फिरक्या, उंधियू, जिलेबी मिळून अडीच हजार उडाले. दोन दिवसांत. कोणी कापले, काही कळलं नाही.

मूळ मुद्दा असा. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६ ची. गेल्या दिवाळीत मावसभाऊ खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जाऊन आला, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. नवऱ्याने जेवताना 'येत्या दिवाळीच्या सुट्टीत नक्की' असं बोलून टाकलं. बोलायला काय जातं? हिशोब माझ्याकडे.

बडोदा ते खोपोली जाऊन-येऊन, दोन रात्रींचं राहणं, पार्कची तिकिटं, खाणं, तिकडचं गाडीभाडं असं सगळं धरून माझा आकडा ४०,००० वर जातो. तिकिटाचा भाव तारखेप्रमाणे बदलतो, म्हणून मी मुद्दाम महागातला दिवस धरला आहे. नवऱ्याचा पगार मकरपुऱ्याच्या कारखान्यातला, माझ्या गणिताच्या शिकवण्या आहेत, आणि फ्लॅटचा हप्ता चालू आहे. क्रेडिट कार्डावर सहल करायची नाही हे दोघांचं पक्कं आहे. म्हणजे दहा महिने, महिन्याला ४,०००, आणि तेही चालू घरखर्चातून.

सासूबाई सोबत असतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मला नका धरू. उलटंपालटं व्हायला पैसे कशाला द्यायचे?"

कुणी असं केलं असेल तर खरंखुरं सांगा. 'चहा कमी प्या' नको, तो करून झाला.

---

मांडवीकर

एक बाळबोध प्रश्न. आपल्या बडोद्याजवळ आजव्याला आतापी वंडरलँड पार्क आहे की! सकाळी जा, रात्री घरी या. हॉटेल नको, रेल्वे नको. चाळीस हजारांत कितीतरी वेळा जाता येईल. आम्ही लहानपणी आजव्याला गेलो की कारंजी बघूनच खूश असायचो.

---

दांडियाबाजारची_सून

@मांडवीकर, मीही हेच म्हणून बघितलं. उत्तर आलं, "आई, तिथे राजासॉरस आहे का?" (इमॅजिकातली डायनासोरची राइड.) यावर तुमच्याकडे काही असेल तर सांगा.

---

कोठीकाका

दोन गोष्टी, दोन्ही कंटाळवाण्या, पण वाचा.

पहिली. यजमानांच्या पगारात एलटीए (रजेतल्या प्रवासाचा भत्ता) आहे का ते पगारपत्रकात बघा. असेल आणि ते जुन्या करपद्धतीत असतील, तर चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये दोन प्रवासांच्या भाड्यावर करसवलत मिळते. फक्त भाड्यावर आणि फक्त भारतातल्या प्रवासाच्या. हॉटेल, जेवण, पार्कचं तिकीट त्यात येत नाही. नव्या करपद्धतीत ही सवलतच नाही, त्यामुळे तिथे असाल तर हा परिच्छेद विसरा. जुन्यात असाल तर रेल्वेची तिकिटं जपून ठेवा. लोक ती गाडीतून उतरतानाच फेकतात आणि मार्चमध्ये माझ्याकडे येऊन डोकं खाजवतात.

दुसरी. बँकेत दहा महिन्यांची आरडी (आवर्ती ठेव) उघडा. पोस्टात नको, पोस्टाची आरडी ५ वर्षांची असते आणि ३ वर्षांच्या आधी मोडता येत नाही. बँकेत ६ महिन्यांपासून पुढे हवी तेवढी मुदत मिळते. महिना ३,००० टाकले आणि व्याज साडेसहा टक्के धरलं, तर दहा महिन्यांनी ३०,००० वर साधारण ९०० रुपये मिळतील.

---

मांडवीकर

काका, ९०० रुपयांसाठी एवढा खटाटोप?

---

कोठीकाका

९०० साठी नाही हो. पगार १ तारखेला, आरडी २ तारखेला. ३ तारखेला जे उरतं तोच पगार समजायचा. ४० वर्षं लोकांचे हिशोब बघतोय. महिनाअखेर उरलेले पैसे बाजूला टाकू म्हणणाऱ्या एकाकडेही महिनाअखेर काही उरलेलं मी बघितलं नाही. माझ्याकडेही नाही.

---

तांत्रिक_तात्या

विजेकडे कोणीच कसं बघत नाही? साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. घरात तीन पंखे रोज १२ तास चालत असतील तर दिवसाला १.६ युनिट वाचतात, महिन्याला ४८ च्या वर. बडोद्याच्या उन्हाळ्यात तर १२ तास कमीच धरले. पंखे बदला, सहल झालीच समजा.

---

सुरसागरकाठी

तात्या, गणित पुढे न्या ना. युनिटला ७ रुपये धरले तरी महिन्याला ३४०. तीन पंखे आणायला ८,००० तरी लागतील. म्हणजे पंख्याचेच पैसे सुटायला दोन वर्षं. तोवर धागाकर्तीचा मुलगा मिशा फुटून इमॅजिकाला एकटा जाईल. (हलके घ्या.) पंखे चांगले आहेत, जुना बंद पडला की तोच आणावा. पण या दिवाळीसाठी उपयोग शून्य. त्यापेक्षा एसी २४ वर ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत.

आता माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही असंच हैदराबादला रामोजी फिल्म सिटी केलं. मी एकच केलं. एक महिना काहीही कमी न करता फक्त लिहिलं. सगळं. पस्तीवाल्याकडून (रद्दीवाल्याकडून) आलेले ८४ रुपयेसुद्धा. आणि लिहिताना तीन रकाने केले: 'लागतं', 'आवडतं' आणि 'कधी घेतलं आठवत नाही'. तिसरा रकाना भरायला महिनाअखेर बिलं आणि फोनमधले निरोप तपासावे लागतात. आमची सहल त्या तिसऱ्या रकान्यातून निघाली.

दूध, भाजी, फळं यांना हात लावू नका. बायका पहिली कात्री तिथेच लावतात आणि मग दोन महिन्यांत घर चिडचिडं होतं. अनुभवाचे बोल.

---

वारसिया_रोड

+१. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

निजामपुरा_नाका

भिशीचं कोणी बोललं नाही अजून. आमच्या सोसायटीत दहा जणींची ४,००० ची भिशी आहे, दर महिन्याला एकीला ४०,०००. तुमचा आकडा बरोबर तोच! शेवटचा नंबर मागून घ्या, दिवाळीला हातात रक्कम. आरडी मोडता येते, भिशी मोडता येत नाही. चारचौघींत लाज असते, हाच तिचा खरा फायदा.

---

फतेगंज_पोस्ट

भिशीत शेवटचा नंबर म्हणजे सगळ्यात जास्त जोखीम, हे आधी समजून घ्या. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये चालवणाऱ्या बाई सातव्या महिन्यात घर सोडून गेल्या. ज्यांनी पहिले सात नंबर घेतले त्या हळहळल्या, बाकी आम्ही तिघी रडलो. कागद नाही, सही नाही, कोणाकडे जाणार? बाईंचा स्वभाव इतका गोड की आजही राग धड येत नाही. माझे पैसे तेव्हा मुलीच्या सायकलसाठी होते.

---

निजामपुरा_नाका

बाप रे. आमच्यात सगळ्या २० वर्षांच्या ओळखीच्या आहेत. पण तुमचं म्हणणं खोडता येत नाही.

---

विश्वामित्रीचा_शेजार

आणि रोख पैसे डब्यात साठवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आमच्याकडे सिंगतेलाच्या (शेंगदाणा तेलाच्या) रिकाम्या पत्र्याच्या डब्याला खाच पाडून 'फिरायला जायचा डबा' केला होता. पलंगाखाली असायचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीने धोक्याची २५ फुटांची पातळी कधीच मागे टाकली आणि पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. आम्ही तळमजल्यावर. दोन दिवसांनी घरात शिरलो तेव्हा डबा स्वयंपाकघरात पोचला होता, म्हणजे आमच्या आधी तोच फिरून आला. आत नोटांचा लगदा नव्हता, पण एकमेकींना चिकटून खाकरा झाला होता. आईने त्या एकेक सुट्या करून वर्तमानपत्रावर पंख्याखाली वाळवल्या. गाळाचा वास शेवटपर्यंत गेला नाही. बँकेने बदलून दिल्या, तक्रार नाही. पण तेव्हापासून डब्यात फक्त नाणी.

---

दांडियाबाजारची_सून (मार्च)

उशिरा येतेय, माफ करा. फेब्रुवारीभर वही लिहिली. @सुरसागरकाठी, तुम्हाला साष्टांग नमस्कार. आणि थोडा रागही, कारण आता झोप उडाली आहे.

वहीतलं जसंच्या तसं देते:

रविवारचा नास्ता, फरसाण : २,३४०
ॲपवरून रात्रीचं जेवण : ३,१८०
मुलांची वेफर-बिस्किटांची पाकिटं : ९६०
दोन ॲपची वर्गणी, एक कोणीच बघत नाही : ४४८

बेरीज ६,९२८.

त्याच महिन्यात दूध आणि भाजी मिळून ६,०७२. म्हणजे मी महिनाभर खंडेराव मार्केटमध्ये संध्याकाळी उतरत्या भावाची मेथी निवडत होते आणि इकडे शुक्रवारी रात्री 'आज कंटाळा आलाय' म्हणून ७०० ची ऑर्डर जात होती. ती ऑर्डर देणारी मीच. शिकवण्यांचा शुक्रवार जड असतो, आठ वाजता ओट्याकडे बघवत नाही.

तर तोडगा पदार्थाचा नाही, शुक्रवारचा काढला. गुरुवारी रात्री डाळ-तांदूळ भिजवून ठेवते, शुक्रवारी हांडवा. कुकरखालची मंद आच नवरा बघतो. पहिल्या शुक्रवारी त्याने खालून कोळसा केला, वरून खाल्ला. आता येतो. ॲप महिन्यातून एकदा, शेवटच्या शनिवारी, आणि काय मागवायचं ते मुलं ठरवतात. रविवारची सेव-उसळ बंद केलेली नाही. ती बंद केली तर बडोद्यात राहायचं कशाला? फक्त चौघांच्या चार प्लेटींऐवजी तर्री आणि सेव बाहेरून, वाटाणे घरचे.

२ तारखेला ३,००० ची आरडी सुरू. उरलेले १,००० महिन्याला शोधायचे आहेत.

आणि हो, डबा केलाय. नाण्यांचाच! मुलीने त्यावर रोलरकोस्टर काढला आहे, त्यातून एक माणूस पडताना दिसतो. विचारलं तर म्हणते, "तो तिकीट न काढता बसला होता."

---

सुरसागरकाठी

राग चालेल. हांडव्याची कृती वेगळा धागा काढून द्या.

---

पुणेकर_मूळ_बडोदा

रेल्वेबद्दल. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, पूर्वी १२० होतं. दिवाळीच्या मुंबई-पुणे गाड्या पहिल्या काही मिनिटांत जातात, तेव्हा तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहा. ५ ते १२ वयाच्या मुलांना वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, न घेतला तर अर्धं. मुलगा प्रवासाच्या दिवशी १२ पूर्ण असेल तर पूर्णच. रात्रीच्या गाडीत सहा वर्षांची मुलगी आईजवळ झोपते, तिथे अर्धं तिकीट चालून जातं. मुंबईपर्यंत जायची गरज नाही. पुण्याकडे येणाऱ्या गाड्या वसई रोडवरून कल्याणला येतात, कल्याणला उतरा आणि खोपोली लोकल पकडा. थेट खोपोलीच्या मोजक्याच असतात, नाही तर कर्जतला बदला. टॅक्सीचे तीन-चार हजार तिथेच वाचतात.

तारखेबद्दलही सांगतो. तुमची गुजरातची दिवाळीची सुट्टी तीन आठवड्यांची असते, हे तुमचं हुकमाचं पान आहे. पाडवा-भाऊबीजेच्या आसपास अख्खी मुंबई आणि पुणं तिकडे असतं. तुम्ही लाभपाचमी (कार्तिक शुद्ध पंचमी) झाल्यावर आणि तुळशीच्या लग्नाच्या आत एखादा मंगळवार-बुधवार धरा. इकडची ऑफिसं तोवर सुरू झालेली असतात. मी मागे एकदा असाच मधल्या वारी गेलो होतो, निम्म्या राइड्सना रांगच नव्हती. आणि मधल्या वाराचं तिकीट शनिवार-रविवारपेक्षा स्वस्त पडतं.

---

मांडवीकर

लाभपाचमीला आमचं दुकान उघडतं, त्यामुळे दुकानदारांना हा सल्ला निरुपयोगी. नोंद घ्यावी.

---

दांडियाबाजारची_सून

मुलगा जूनमध्ये १२ चा होतोय. पूर्ण तिकीट! तो म्हणतो, "मग मला खिडकीचा बर्थ."

---

पेन्शनर_अलकापुरी

तुमच्या सासूबाई 'मला नका धरू' म्हणतात, पण नकाशा बघितलात का? तो पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे. एका टोकाला महडचा वरदविनायक, दुसऱ्या टोकाला पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकांतले दोन! बल्लाळेश्वर हा आठांतला एकटाच, जो भक्ताच्या नावाने ओळखला जातो. महडला १८९२ पासून नंदादीप अखंड तेवतो आहे असं सांगतात. पालीला देवस्थानचं भक्तनिवास आहे, राहण्याचा खर्चही उतरेल. सूनबाई, सासूला 'थीम पार्क' म्हणून विचारू नका. 'पाली-महड' म्हणून विचारा आणि वाटेत पोरांना पार्कात सोडा.

---

दांडियाबाजारची_सून

काका!!! आत्ता विचारून आले. "कधी निघायचं?"

म्हणजे आता पाच माणसं. धाग्याचं नाव बदलता येतं का?

---

फतेगंज_पोस्ट (मे)

वर्षाचे गहू आणि सिंगतेलाचा डबा भरलात का कोणी? हंगामात एकदम घेतलं की किलोमागे सुटतात हे खरं, पण यंदा मे महिन्यात एकदम १४-१५ हजार निघाले की आरडीचा हप्ता चुकतो. आमचा चुकला.

---

सुरसागरकाठी

सहलीच्या वर्षी अर्धी भरण करायची. अर्धे गहू आता, अर्धे दिवाळीनंतर. थोडे महाग पडतात, पडू देत.

---

कोठीकाका

अनुमोदन. शिवाय एक सूचना सगळ्यांनाच. मॉलच्या दाराशी कोणी लकी ड्रॉची चिठ्ठी भरायला सांगितलं तर भरू नका. माझ्या भाच्याने भरली. आठ दिवसांत फोन, 'अभिनंदन, तुम्हाला तीन रात्रींची मोफत सहल लागली, बायकोला घेऊन हॉटेलात या.' गेले. तीन तास बसवून घेतलं, गोड गोड बोलले, जेवण दिलं, आणि दीड लाखाच्या हॉलिडे मेंबरशिपवर सही घेता घेता राहिली, कारण बाळ रडायला लागलं. त्या बाळाला मी चांदीचा वाळा केला. मोफत सहलीसाठी जोडीने बोलावतात, पगार विचारतात आणि 'ऑफर आजच्यापुरती' म्हणतात. तिन्ही एकत्र आलं की चप्पल घालायची.

---

तांत्रिक_तात्या

माझा एक पंखा बंद पडला. बीएलडीसी आणला. एवढंच.

---

दांडियाबाजारची_सून (ऑक्टोबर)

नवरात्र संपली, पाय दुखताहेत, म्हणून बसून लिहिते.

दरवर्षी आम्ही दोघं मोठ्या मैदानाचे पास काढतो, चनिया-चोळी, नवऱ्याचा केडिया, पार्किंग, मध्यरात्रीचा नास्ता. गेल्या वर्षीचा नऊ रात्रींचा खर्च वहीत होता, ५,४००. यंदा शेरी गरबा. आमच्याच गल्लीत, मधोमध देवीची मांडवी, एक ढोलवाला, आणि बाकी सगळं तोंडाने. मला वाटलं मुलगा तोंड पाडेल. त्याने तिसऱ्या रात्री ढोलवाल्याच्या शेजारी मुक्काम टाकला तो हलेना. मुलीला जावेच्या मुलीची गेल्या वर्षीची चोळी झाली, फक्त आरसे दोन लावले. खर्च ६५०, आरतीच्या प्रसादाची पाळी धरून.

महिन्याचे ते १,००० मात्र सरळ कधीच निघाले नाहीत. एप्रिलमध्ये जमले, जूनमध्ये वह्या-गणवेशांनी उलट माझ्याकडूनच घेतले. जुलैत दोन नव्या शिकवण्या आल्या. पस्ती आणि भंगार मिळून ७१०. मुलांनी डब्यात १,१६३ टाकले, त्यात आजीकडून आलेले किती ते विचारायचं नाही असं ठरलं आहे.

आजवर आरडी धरून ३९,२००. रेल्वेची तिकिटं ६० व्या दिवशी सकाळी ८ वाजता नवऱ्याने एका फोनवर आणि मी दुसऱ्या फोनवर बसून काढली. माझी निघाली. हे तो मान्य करत नाही, पण तिकिटावर माझं खातं आहे.

@मांडवीकर, तुमचा सल्ला वाया नाही गेला. श्रावणात एकदा आतापीला नेलं, रंगीत तालीम म्हणून. मुलगी कुठेही बसते, मुलाचं पोट बिघडतं, आणि रांगेत उभं राहिलं की दोघं भांडतात, हे ४०,००० घालवायच्या आधी कळलं.

आणि एक. मोठ्या रोलरकोस्टरला उंचीची अट असते. मुलाने ती वेबसाइटवर बघून बेडरूमच्या भिंतीवर निळ्या स्केचपेनने रेघ मारली आहे. दर महिन्याच्या १ तारखेला तिथे उभा राहतो, आजी डोक्यावर पट्टी धरते, पेन्सिलची खूण होते. जानेवारीत चार बोटं खाली होता. कालची खूण रेघेला टेकली आहे. रंगाला पैसे लागतील ते पुढच्या वर्षीच्या वहीत.

---

मांडवीकर

धन्यवाद. माझा सल्ला कोणी ऐकल्याची या संस्थळावरची ही पहिलीच घटना.

---

पुणेकर_मूळ_बडोदा

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, हे लक्षात ठेवा. ठेपले गाडीत संपवा. सकाळी पोटभर खाऊन शिरा, आत दुपारचं एकच जेवण धरा. दुकानाच्या आधी मुलांना त्यांचा आकडा सांगून ठेवा. आमच्या वेळी सगळा हिशोब बाहेर पडतानाच्या दुकानात बुडाला होता.

---

दांडियाबाजारची_सून (नोव्हेंबर)

आलो! हिशोब आधी, मग गंमत.

जमले : ४२,६१० (आरडीचं व्याज धरून. कोठीकाका, मार्चपासून सुरू केली म्हणून ९०० पेक्षा कमी.)
खर्च : ४१,८७०, पाच माणसांचा.

राहणं कमी पडलं, कारण एक रात्र पालीच्या भक्तनिवासात. तिकिटं मधल्या वाराची, म्हणून मी धरलेल्यापेक्षा बरीच खाली. कल्याणला पहाटे उतरलो, कर्जतला बदललं, खोपोलीला पोचलो तेव्हा सासूबाई डब्यातल्या सगळ्या बायकांना ठेपले वाटून मोकळ्या झाल्या होत्या. जिथे वाचलं नाही ते म्हणजे तिकडच्या गाड्या. महड, पार्क, पाली करायला दोन दिवस गाडी ठरवली, ५,५०० गेले. त्यात काही करता आलं नाही.

मुलांना दुकानासाठी प्रत्येकी ४०० सांगितले होते, त्यांच्याच डब्यातून. मुलीने २० मिनिटं लावून एक पेन्सिल घेतली आणि उरलेले परत आणले. "आपल्याकडे बडोद्यात याच पैशात मिळेल," म्हणाली. माझीच पोरगी.

आता मोठा रोलरकोस्टर. मुलाची उंची मोजली, पास झाला, चेहरा असा की दहावीचा निकाल लागलाय. वडील आणि तो रांगेत. मी, मुलगी आणि सासूबाई खाली. वरून डबा सुटताना ओरडा ऐकला, आम्ही हात हलवले. डबा परत आला, त्यातून नवरा एकटाच उतरला, पांढराफटक. मुलगा बाजूच्या जिन्याने खाली येत होता. ऐन वेळी बसलाच नाही.

खरं सांगते, माझा पारा चढला. दहा महिने भिंतीवर रेघ, आठ महिने शुक्रवारचा हांडवा. तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईंनी त्याचा हात धरला. "चल, मलाही भीती वाटते. आपण घोड्यावर बसू." आणि त्या गोल फिरणाऱ्या घोड्यांवर नऊवारीतली माझी सासू आणि बारा वर्षांचा माझा मुलगा तीन वेळा बसले. तिसऱ्या वेळी तिथल्या माणसाने विचारलं, आजी, पुन्हा? म्हणाल्या, "तिकीट काढलंय."

राजासॉरसला मात्र सगळे बसलो. मुलगी डोळे मिटून होती, मुलगा नव्हता.

---

पेन्शनर_अलकापुरी

नंदादीप बघितला का आजींनी?

---

दांडियाबाजारची_सून

बघितला. त्यात तेल कोण घालतं, किती लागतं, सिंगतेल की दुसरं, सगळं पुजाऱ्यांना विचारून आल्या.

---

सुरसागरकाठी

उरलेल्या ७४० चं काय केलं?

---

दांडियाबाजारची_सून

शेवटचा शनिवार होता. ॲप.

---

वारसिया_रोड

गाडीवाल्याने दोन दिवसांचे ५,५०० मुक्कामासकट घेतले की जेवण वेगळं? आम्ही फेब्रुवारीत जायचं म्हणतोय, सहा जण आहोत.

---

दांडियाबाजारची_सून

मुक्कामासकट. जेवण आमच्यासोबत केलं, ते आमच्याकडून. सहा जण असाल तर मोठी गाडी आधी सांगून ठेवा, स्टेशनवर उभ्या असतात त्या लहान असतात.